शनिवारी दिसणारी माणसं

"तोंड उजेडाकडे कर, मग बोल."

ऑर्फा टिलमनचं हे ठरलेलं वाक्य. किराणावाल्याला हेच, पाद्रीबाबांना हेच, आणि लग्नाचं विचारायला आलेल्या एनॉसलाही हेच. एनॉस बिचारा लाजून धान्याच्या कोठाराच्या सावलीत उभा राहून काहीतरी पुटपुटला होता. तिनं दंडाला धरून त्याला उन्हात ओढलं आणि म्हणाली, "आता पुन्हा सांग."

लहानपणी आलेल्या तापात तिचे कान गेले होते. आवाज राहिला, पण स्वतःच्या कानावर पडत नसल्यामुळे तो वाटेल तिथे चढायचा आणि वाटेल तिथे बसायचा. शाळेतली पोरं म्हणायची, ऑर्फा बोलते तेव्हा विहिरीत बादली आपटते. तेव्हापासून चारचौघांत तिनं तोंड उघडणं सोडलं. ओठ मात्र ती असे वाचायची, की लाँड्रीत खळ घातलेल्या कॉलरींवर इस्त्री फिरवताना रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात कुणाची निंदा चाललीय ते तिला बसल्या जागी कळायचं. ते ती फक्त एनॉसला सांगायची. एनॉस पोट धरून हसायचा.

गाव वॉलर्स बेंड. ओहायोच्या डोंगरात, नदीच्या वळणावर, लाकूडकापीच्या गिरण्यांवर जगणारं. वरच्या खिंडीत धरण होतं आणि एनॉस त्या धरणाचा रखवालदार. पाणी चढलं की साखळी ओढून दरवाजा उचलायचा, उतरलं की खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. धरण नवं होतं. मेयर लेमुएल हॅस्कॉम यांनी ते मंजूर केलं आणि त्यांचा मित्र ओबेड स्टारिट यानं बांधलं. उद्घाटनाच्या दिवशी दोघांनी एकमेकांना इतके हार घातले, की शेवटी फुलं कुणाची आणि माणूस कोणता ते कळेना.

धरण झालं त्या वर्षीच्या शरदात गावात फिरता सिनेमावाला आला. त्या काळी असे लोक गावोगाव हिंडत. तिपाईवर कॅमेऱ्याची पेटी ठेवायची, गावातल्याच माणसांना नटवायचं, एक छोटं नाटक चित्रित करायचं आणि रीळ गावच्या थिएटरला विकून पुढच्या गावाला निघायचं. सगळं गाव स्वतःला पडद्यावर बघायला लोटायचं. वॉलर्स बेंडच्या नाटकाची गोष्ट साधी होती. एक लबाड कंत्राटदार न्यायाधीशाला लाच देऊ करतो. न्यायाधीश ती त्याच्या तोंडावर फेकतो, भर चौकात न्याय होतो आणि लोक टोप्या उडवतात. न्यायाधीश कोण होणार यावर चर्चा झालीच नाही. मेयरसाहेब काळा झगा शिवून घेऊनच आले. लबाड कंत्राटदाराचं काम ओबेड स्टारिटनं हौसेनं मागून घेतलं. "मला शोभेल ना रे?" असं त्यानं विचारलं आणि सगळे हसले.

सिनेमावाला पेटीची मूठ फिरवत ओरडायचा, "बोलत राहा! काहीही बोला, आवाज येणार नाही! पण ओठ हलले पाहिजेत!" कुणी बाराखडी म्हटली, कुणी प्रार्थना म्हटली. चौकातल्या गर्दीत एनॉस होता. ऑर्फा पेटीशेजारी उभी होती. एनॉसनं तिच्याकडे बघितलं, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "ऑर्फा, भट्टीतून पाव काढलास का गं?"

काढला नव्हता. ती तशीच घराकडे पळाली. पाव कोळसा झाला होता. त्या रात्री दोघांनी बटाटे खाल्ले.

मार्चमध्ये बर्फ वितळलं, वरून पाऊस लागला आणि एका पहाटे धरण गेलं. खालची आळी, लाकडाची वखार, होड्यांचा धक्का, सगळं एका लाटेत धुऊन निघालं. दोन डझनांच्या वर माणसं गेली. एनॉस तिसऱ्या दिवशी खालच्या वाळूत सापडला. त्याच्या तळहातांवर साखळीच्या कड्या उमटल्या होत्या. पण ते फक्त ऑर्फानं बघितलं, कारण त्याला आंघोळ घालायला दुसरं कुणी आलं नाही. तोवर गावात बातमी पिकली होती की रखवालदार दारू पिऊन पडला होता, त्यानं दरवाजा उचललाच नाही. स्टारिटच्या माणसानं खोपटाच्या चिखलातून बाटलीही काढून दाखवली. एनॉस सफरचंदाची आंबवलेली दारूसुद्धा ख्रिसमसला घोटभर घ्यायचा आणि तेवढ्यानं झोपून जायचा. हे ऑर्फा कुणाला सांगणार? विहिरीतली बादली कोण ऐकणार?

थिएटरचा मालक गुस्टाव पेल्कर. त्याची धाकटी बहीण फ्रीडा पडद्याखाली बसून पियानो वाजवायची. पुरानंतर दीड महिना थिएटर बंद होतं. मग एक दिवस कुणीतरी म्हणालं, "गुस्टाव, तुझ्याकडं ते आपलं नाटक आहे ना? त्यात माझी लेक दिसते." गुस्टावनं शनिवारी संध्याकाळी ते रीळ लावलं.

पडद्यावर चौक उजळला आणि मेलेली माणसं चालू लागली. कुणी हसत होतं, कुणी टोपी उडवत होतं, कुणी पोराला खांद्यावर घेऊन होतं. एक बाई उठून उभी राहिली. मग शेजारचा म्हातारा उठला. आपलं माणूस पडद्यावर आलं की उभं राहायचं, ते गेलं की बसायचं, असा रिवाज आपोआप पडून गेला. दर शनिवारी. गुस्टाव नवीन चित्रं आणायचा, पण आधी हे रीळ लावल्याशिवाय कुणी बसत नसे. दुसरी प्रत नव्हती. सिनेमावाला पश्चिमेकडे कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं.

एनॉस यायचा तेव्हा एकटी ऑर्फा उभी राहायची. मागून पाय आपटायला सुरुवात व्हायची. तिला ऐकू यायचं नाही, पण लाकडी फरशीतून ते तिच्या टाचांत शिरायचं. ती पुढच्या बाकाच्या टोकाला बसायची, हात पियानोच्या कडेला टेकवून, म्हणजे फ्रीडाचं वाजवणं तळहाताला कळावं. एनॉस टोपी मागे सारायचा. "ऑर्फा, भट्टीतून पाव काढलास का गं?" ती अंधारात ओठ हलवून म्हणायची, "काढला." मग डोळे भरून यायचे, आणि पुढचं काही तिला दिसायचं नाही.

एका दुपारी ऑर्फाच्या घराच्या मागच्या दारावर केझाया ब्रॉडस आली. तिचा टोबी होडीवर काम करायचा, वीस-एकवीसचा होता, धक्क्याबरोबर गेला. केझाया पाय आपटणाऱ्यांत सगळ्यांत पुढे असायची. हातात अंड्यांची टोपली होती. उजेडाकडे तोंड करून ती म्हणाली, "तुझ्याकडं यायची मला लाज वाटते. पण तुला ओठ वाचता येतात म्हणतात. माझा टोबी टोपी उडवताना काय बोलतो?"

ऑर्फानं दाराची चौकट धरली. नाही म्हणता आलं असतं. म्हणावंसं वाटलंही.

"शेजारच्या पोराला सांगतो, 'गप रे, कॅप्टन बघतेय.'"

केझाया मटकन पायरीवर बसली. "मला म्हणायचा तो कॅप्टन," ती म्हणाली. "घरातच. बाहेर कुणाला माहीत नव्हतं." मग पदरासारखा एप्रन तोंडाला लावून ती हसली की रडली, ते ऑर्फाला दिसलं नाही. अंडी ठेवून ती गेली.

त्यानंतर लोक येऊ लागले. मागच्या दारानं, एकेकटे, काहीतरी झाकून घेऊन. माझी आई काय म्हणते? माझा भाऊ काय म्हणतो? ऑर्फा खरं तेच सांगायची. कुणी प्रार्थना म्हणत होतं, कुणी शिवी देत होतं. एका म्हातारीचा नवरा म्हणत होता, "हा सदरा फार टोचतो." म्हातारी ते ऐकून दिवसभर गावभर सांगत फिरली, जणू त्यानं स्वर्गातून निरोप धाडला होता. पण शनिवारी एनॉस आला की पाय आपटायचेच. मागच्या दारातली माणसं आणि थिएटरातली माणसं वेगळी असतात, हे ऑर्फाला तेव्हा कळलं.

ऑगस्टमधली गोष्ट. त्या आठवड्यात लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचं काम आलं होतं. उन्हाळा आणि निखाऱ्यांचा शेक यांनी ती इतकी वाळून गेली होती, की त्या शनिवारी एनॉस आला, पावाचं विचारून गेला, आणि तिला रडूच आलं नाही. डोळे कोरडे राहिले. त्यामुळे पुढचा प्रवेश तिनं पहिल्यांदाच नीट बघितला.

न्यायाधीशाच्या झग्यात मेयर हॅस्कॉम. समोर कमरेत वाकून ओबेड स्टारिट, पाकीट पुढे करतोय. मेयरसाहेबांनी तर्जनी आकाशाकडे उगारली. त्यांचा चेहरा असा तेजस्वी दिसत होता, की मागच्या बाकांवर लोक हुंदके द्यायचे. लेखी पाटी आली, 'न्याय विकाऊ नाही!' आणि पाटीच्या आधी नि नंतर त्यांचे ओठ हलत होते.

"धरणाच्या पोटात तू लाकडाचे बुंधे पुरलेस, ओबेड. मला काय कळत नाही? माझा वाटा दुप्पट कर."

स्टारिट गयावया करत, डोळे पुसत म्हणत होता, "करतो रे लेम. पण बुंधे कुजले नि पाणी चढलं तर ते टिकायचं नाही हं."

मेयरनं पाकीट त्याच्या तोंडावर फेकलं. "निवडणुकीपर्यंत टिकलं म्हणजे झालं. नाहीच टिकलं तर टिलमन आहे की तिथं. दरवाजा त्याच्या हातात."

आवाज येणार नाही म्हटल्यावर दोघांनी मजा म्हणून खरंच बोलून घेतलं होतं. गावाच्या डोळ्यांदेखत, दर शनिवारी, ते तेच बोलत होते. गाव रडत होतं, टाळ्या वाजवत होतं.

त्या रात्री ऑर्फा झोपली नाही. डोळे मिटले की ओठ दिसायचे. भिंतीवर ओठ, चुलीच्या धगीत ओठ. कधी मेयरचे, कधी एनॉसचे, आणि मग ते एकमेकांत मिसळायचे. एनॉस टोपी मागे सारून विचारायचा, "दरवाजा कुणाच्या हातात होता गं?"

रविवारी चर्चनंतर तिनं फ्रीडाला गाठलं आणि सांगितलं. फ्रीडा पांढरी पडली. मग तिचे हात हवेत पियानो वाजवल्यासारखे हलू लागले.

"अगं, थिएटरचा परवाना मेयरच्या सहीचा आहे. गुस्टाव मला घराबाहेर काढेल."

"माहीत आहे."

"आणि ते रीळ? बाहेर कळलं ना, की तेही जाईल. मेयरच्या हाती पडलं तर चुलीत जाईल, नाहीतर कोर्ट घेऊन जाईल. परत येणार नाही ते, ऑर्फा. तुझा एनॉस त्यातच आहे. सगळ्यांचंच कुणीतरी त्यात आहे. लोक तुला फाडून खातील."

ऑर्फाचाही हिशेब तिथेच अडला होता. बोललं तर एनॉसचं नाव स्वच्छ होईल, पण एनॉस जाईल. गप्प राहिलं तर एनॉस दर शनिवारी येईल, पण दारुडा म्हणून येईल आणि दारुडा म्हणूनच जाईल.

"तो दर शनिवारी मला पावाचं विचारतो," ती म्हणाली. "मी दर वेळी खोटं बोलते. काढला म्हणते. आता दुसरं एक खोटं मला पेलायचं नाही." मग तिनं फ्रीडाचे दोन्ही हात धरले. "न्यायाधीश आला की फक्त वाजवणं थांबव. बाकी माझं मी बघते."

"तू बोलणार? लोकांसमोर?"

"बादली आपटेल. आपटू दे."

पुढच्या शनिवारी मेयरसाहेब पहिल्या रांगेत होते, नेहमीसारखेच, काळी फीत बांधून. दर वेळी स्वतःचा प्रवेश आला की ते मान खाली घालायचे. लोकांना त्यातही नम्रता दिसायची.

चौक उजळला. माणसं उठली, बसली. एनॉस आला. टाचांत फरशी थरथरली. एनॉस गेला. झग्यातला न्यायाधीश आला, आणि ऑर्फाच्या तळहाताखालचा पियानो थांबला. लाकूड नुसतं लाकूड झालं.

ती उभी राहिली. तोंड पडद्याकडे, पाठ गावाकडे. ओठ वाचायचे तर मागे वळता येत नव्हतं, म्हणून मागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. आवाज किती चढलाय, किती बसलाय, तेही कळत नव्हतं. मेयर हॅस्कॉमच्या तोंडातून जे निघत होतं ते ती त्याच वेळी, त्याच वेगानं बोलत गेली. धरणाच्या पोटात तू लाकडाचे बुंधे पुरलेस, ओबेड. फरशीतून पाय आपटणं आलं, जोरात. माझा वाटा दुप्पट कर. पाय आपटतच होते, पण मध्येच ते विरळ झाले, जसा छपरावरचा पाऊस थांबताना तुटक होतो. निवडणुकीपर्यंत टिकलं म्हणजे झालं. आता फरशी शांत होती. दरवाजा त्याच्या हातात.

मग ती वळली.

केझाया ब्रॉडस बाकावर चढून उभी होती. यंत्राच्या झोतात तिचं तोंड लख्ख दिसत होतं. "पुन्हा लाव, गुस्टाव!" ती ओरडत होती. "माझ्या टोबीचं हिनं खरं सांगितलं होतं! पुन्हा लाव म्हणते ना!"

यंत्राच्या खिडकीत गुस्टावचं डोकं आलं. तो आधी मेयरकडे बघत होता, मग बहिणीकडे. फ्रीडाचे हात मांडीवर होते. ती पियानोला शिवली नाही. गुस्टावनं रीळ मागे गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. ऑर्फा पुन्हा बोलली. या वेळी लोक पडद्याकडे बघत होते. तिचा शब्द आणि त्याचा ओठ जोडीनं उठत होते, जोडीनं मिटत होते.

मेयर उठले. काहीतरी ओरडले असावेत, कारण मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "बहिरी आहे ती, खुळी आहे," एवढं तिनं वाचलं. मग ते शेजारी बसलेल्या स्टारिटकडे झुकले आणि त्याला काही सांगण्याआधी त्यांनी टोपी तोंडासमोर धरली.

तेवढ्यानं काम झालं. थिएटरात होता तेवढा प्रत्येक माणूस ती टोपी बघत राहिला. "का हो मेयरसाहेब, गावठी बहिरीला एवढे घाबरता?" कुणीतरी विचारलं. हे फ्रीडानं तिला नंतर सांगितलं. मेयर आणि स्टारिट बाजूच्या दारानं बाहेर पडले, आणि गिरणीतले चार जण त्या रात्री बोलावल्याशिवाय येऊन यंत्राच्या खोलीबाहेर बसून राहिले.

जिल्ह्याहून सरकारी वकील आले, लोव्हरिंग नावाचे. त्यांनी धरणाची जागा खणून घेतली तेव्हा मातीतून बुंधे निघाले, काळे आणि भुसभुशीत, हातानं चुरडणारे. मग त्यांनी रीळ मागितलं. बहिऱ्यांच्या सरकारी शाळेतल्या जाणकारांनी ते बघावं लागेल, न्यायालयात दाखवावं लागेल, आणि ऑर्फालाही तिथं उभं राहून बोलावं लागेल.

"परत कधी मिळेल?" गुस्टावनं विचारलं.

वकिलांनी चष्मा पुसला. "ही फिल्म चटकन पेट घेते, मिस्टर पेल्कर. प्रवासात, कोर्टात, कोठारात. मी शब्द देणार नाही."

गुस्टावनं दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून ते शेवटचं एकदा दाखवलं. लाँड्री बंद ठेवली होती. सगळं गाव आलं. एनॉस आला तेव्हा कुणी पाय आपटले नाहीत. ऑर्फाखेरीज कुणी उभंही राहिलं नाही. चित्र संपल्यावर एक बाई ऑर्फाजवळ आली. तिची लेक चौकात दोरीवरच्या उड्या मारताना दिसायची. उजेडाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्यासाठी तू माझी पोर दुसऱ्यांदा बुडवलीस." त्या बाईचंही खोटं नव्हतं.

सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. पत्र्याचे दोन गोल डबे वकिलांच्या हातात होते. ऑर्फानं करडा झगा घातला होता आणि हातात कपड्यांची पिशवी होती. मुख्य रस्त्यानं ती वकिलांच्या डाव्या अंगाला, त्यांचं तोंड दिसेल इतकी पुढे राहून चालत होती. बहुतेक घरांचे पडदे ओढलेले होते, आणि पडद्यांच्या फटीत माणसं होती. फ्रीडा थिएटरच्या दारात हात काखेत घालून उभी होती. दोरीवाल्या पोरीच्या आईनं फाटक बंद केलं, पण ती आत गेली नाही. केझाया ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली, पण सोलणं थांबवलं नाही. ऑर्फा धान्याच्या उंच कोठारापाशी वळली आणि दिसेनाशी झाली, तरी केझाया त्या वळणाकडे बघत शेंगा सोलतच राहिली.